विश्लेषण : घरच्या संगणकावर वाद्याविना संगीत कसे रचाल? पंडित भातखंडे यांच्या चौकटी आजही का उपयोगी पडतात?

घरात हार्मोनियम नाही, तबला नाही, शिकवायला कोणी नाही. संगणक मात्र आहे आणि डोक्यात एक चाल घोळते आहे. अशा वेळी मोफत मिळणारे एखादे संगीताचे सॉफ्टवेअर उघडले, की समोर नुसते चौकोन दिसतात. उभ्या बाजूला स्वर, आडव्या बाजूला वेळ. कुठे काय भरायचे हे कळत नाही आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

हे चौकोन वाचण्याची किल्ली मराठीत शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. ती लिहिणारा माणूस दरबारी गवई नव्हता, तर मुंबईचा वकील होता. पंडित विष्णू नारायण भातखंडे हे त्यांचे नाव. त्यांनी संगणक पाहिला नाही, पण ऐकलेले संगीत चौकटीत कसे मांडायचे हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. त्यांचे आयुष्य, त्यांची पद्धत आणि घरी संगीत रचू पाहणाऱ्यांना तिचा होणारा उपयोग, याचा हा आढावा.

ऐकलेले लिहून ठेवल्याने काय होते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांना याचे उत्तर दूर शोधावे लागणार नाही. नेवाशात पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले, असे परंपरा सांगते. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० ची ही गोष्ट. ते शब्द केवळ समोर बसलेल्यांच्या कानांपुरते राहिले असते, तर आज घराघरांत पारायण झाले नसते. लिहून ठेवल्यामुळे ते नेवाशाबाहेर पडले.

संगीताबाबत ही सोय फार उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानी रागसंगीत मुख्यतः गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जात होते. गुरूचे घर ज्याला उघडे, त्यालाच विद्या. बाकीच्यांनी मैफलीत ऐकायचे आणि माना डोलवायच्या. तालुक्याच्या गावातील मुलासाठी तर ती वाट जवळपास बंदच होती.

भातखंडे कोण होते?

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर साधे मध्यमवर्गीय होते आणि गाणे हा घरचा व्यवसाय नव्हता. लहानपणी ते बासरी वाजवत, पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकले. दुसरीकडे कॉलेजही सुरू होते. १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये एलएल.बी. झाल्यावर ते वकील झाले. काही काळ त्यांनी कराचीतही वकिली केली.

आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी-धंदा सांभाळून संगीताचा छंद जोपासणारा हा तरुण होता. फरक इतकाच, की त्याच्या हाताशी व्हिडिओ नव्हते, ध्वनिमुद्रणे नव्हती आणि वाचावे असे सोपे पुस्तकही नव्हते.

१८८४ मध्ये ते मुंबईतील ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले. पारशी समाजातील संगीतप्रेमींनी १८७० मध्ये ही संस्था सुरू केली होती. तिथे गवई येत, गाणे होई, चर्चा होई. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांना धृपदांचा मोठा साठा मिळाला, तर अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल. शिकता शिकता या वकिलाच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. एकाच रागात दोन गवई वेगवेगळे स्वर लावतात, तेव्हा बरोबर कोण? आणि हे ठरवायचे कशावरून?

उत्तर मिळणे इतके अवघड का होते?

अडचण दुहेरी होती. पहिली म्हणजे संगीतावरचे जुने संस्कृत ग्रंथ आणि प्रत्यक्ष गायले जाणारे संगीत यांचा मेळ बसत नव्हता. ग्रंथांत रागांची नावे होती, पण त्या नावाने गायला जाणारा राग आता वेगळाच होता.

दुसरी अडचण माणसांची. घराण्यातील बंदिशी हीच अनेक गवयांची मिळकत होती. दरबारात मान आणि पोटाला भाकरी त्यावरच मिळे. ती बंदिश कोणीतरी कागदावर उतरवून छापली, की तिची किंमत उरणार नाही ही भीती खरी होती. त्यामुळे नाही म्हणणारा प्रत्येक उस्ताद कोत्या मनाचाच होता, असे मानणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. उलट, ज्यांनी भातखंडे यांना आपला साठा खुला केला, त्यांचे मोठेपण त्यामुळे अधिक ठळक होते.

वकिली मागे पडली ती कशी?

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९०३ मध्ये मुलगीही गेली. त्यानंतर संसाराचा धागा उरला नाही. हळूहळू वकिलीतून अंग काढून त्यांनी पुढची तीन दशके संगीताच्या अभ्यासाला दिली. साठा जमवायचा, तो तपासायचा आणि मग सर्वांसाठी छापायचा, असा त्यांचा क्रम होता.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुराई करत ते एट्टयपुरमला पोहोचले आणि तिथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दीक्षितर यांचा कर्नाटक संगीतावरील मोठा स्वरलेखनग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. पुढे १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनऊ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी भटकंती झाली. रेल्वेने जायचे, स्थानिक पंडित आणि उस्ताद यांना भेटायचे, प्रश्न विचारायचे, पोथ्या पाहायच्या आणि दिवसभराचे सारे रोजनिशीत नोंदवायचे, असा शिरस्ता होता. जयपूर आणि रामपूर इथल्या उस्तादांकडून त्यांनी अनेक बंदिशी मिळवल्या. रामपूरचे बीनकार वझीर खाँ यांचे शिष्यत्वही त्यांनी पत्करले.

स्वरलिपीची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती, हेही सांगायला हवे. बडोद्यात मौलाबक्ष यांनी आणि बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी, सौरींद्रमोहन टागोर यांनी आधीच तसे प्रयत्न केले होते. भातखंडे यांच्या समकालीन विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची वेगळी लिपी वापरली. भातखंडे यांचे वेगळेपण दोन गोष्टींत होते. एक म्हणजे लिपीचा सोपेपणा आणि दुसरे म्हणजे त्या लिपीत उतरवलेल्या बंदिशींची प्रचंड संख्या.

१२ स्वर, ३२ शक्यता आणि १० थाट म्हणजे काय?

दक्षिणेतील दौऱ्यात भातखंडे यांना तिथल्या ७२ मेळांची रचना जवळून पाहता आली. सतराव्या शतकात व्यंकटमखी यांनी मांडलेले हे गणित होते. कोणत्या स्वराची कोणती रूपे एकत्र येऊ शकतात, याची ती संपूर्ण यादी.

उत्तरेच्या संगीतासाठी हाच हिशेब करून पाहू. सा आणि प अचल आहेत. रे, ग, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपे, शुद्ध आणि कोमल. म ची दोन रूपे, शुद्ध आणि तीव्र. म्हणजे सप्तकात एकूण १२ स्वर झाले. पाच स्वरांपैकी प्रत्येकाचे एकच रूप घ्यायचे तर २ × २ × २ × २ × २ = ३२ जुळण्या होतात.

या ३२ पैकी प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागांची व्यवस्था लावायला १० पुरेशा आहेत, असे भातखंडे यांनी ठरवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट.

आता संगणकाकडे या. बहुतेक संगीत-सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल’ निवडण्याची सोय असते. निवडलेल्या स्केलबाहेरचे स्वर ते फिके करते किंवा बंद करते. तिथली इंग्रजी नावे पाहून गोंधळू नका. त्यातले सहा थाट तुमच्या ओळखीचेच आहेत.

- मेजर : बिलावल
- लिडियन : कल्याण
- मिक्सोलिडियन : खमाज
- डोरियन : काफी
- नॅचरल मायनर किंवा एओलियन : आसावरी
- फ्रिजियन : भैरवी

भैरव थाट काही ठिकाणी ‘डबल हार्मोनिक’ या नावाने सापडतो. पूर्वी, मारवा आणि तोडी यादीत सहसा नसतात, ते स्वर स्वतः निवडावे लागतात.

त्यांची स्वरलिपी कशी आहे?

ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. शुद्ध स्वराला काहीही खूण नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकातील स्वराच्या खाली टिंब, तार सप्तकातील स्वराच्या वर टिंब.

वेळेची खूणही तितकीच सोपी. प्रत्येक मात्रेला एक जागा. स्वर लांबवायचा तर पुढच्या जागी आडवी छोटी रेघ. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर बसवायचे तर त्यांच्या खाली कंस. तालाचे विभाग उभ्या रेघांनी वेगळे केलेले. समेला फुलीची खूण, खालीला शून्य आणि बाकी टाळ्यांना २, ३ असे आकडे. मींड दाखवायला स्वरांच्या वरून कमान.

म्हणजे पान उघडले की दिसतो तो एक तक्ता. वर तालाच्या खुणा, खाली स्वर, त्याखाली शब्द. त्रिताल असेल तर १६ घरे, ४-४ चे चार गट.

या लिपीत त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिका’ तयार केली. सहा भाग आणि त्यांत अठराशेच्या आसपास बंदिशी. त्याआधी १९१० च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आला. त्यावर त्यांनी स्वतःचे नाव न घालता ‘चतुर पंडित’ असे टोपणनाव घातले. त्याच विषयाचा विस्तार करणारी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मात्र त्यांनी मराठीत लिहिली. १९१० पासून १९३२ पर्यंत तिचे चार भाग निघाले. तिची मांडणी गुरू-शिष्यांच्या संवादाची आहे. शिष्य प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतो. आजच्या प्रश्नोत्तरी लेखांचाच हा जुना अवतार म्हणता येईल.

याचा संगणकाशी संबंध काय?

यंत्र संगीत रचू शकेल, हा विचार एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्येच मांडला होता. त्यासाठी त्यांची एक अट होती. स्वरांचे परस्परसंबंध आधी यंत्राला समजेल अशा रीतीने मांडता आले पाहिजेत. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या संगणकाकडून धून वाजवून घेतली. १९८३ मध्ये ‘मिडी’ हे समान मानक आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये व संगणक एकमेकांशी बोलू लागले.

मिडीमध्ये आवाज साठवलेला नसतो, सूचना साठवलेल्या असतात. कोणता स्वर, किती जोराने, कधी सुरू, कधी बंद. स्वराला ० ते १२७ मधला एक क्रमांक. मधला सा ६० क्रमांकावर धरला, तर कोमल रे ६१, शुद्ध रे ६२, कोमल ग ६३, शुद्ध ग ६४, शुद्ध म ६५, तीव्र म ६६, प ६७, कोमल ध ६८, शुद्ध ध ६९, कोमल नी ७०, शुद्ध नी ७१ आणि तार सा ७२.

हीच भातखंडे यांची १२ घरे. सॉफ्टवेअरमधील ‘पियानो रोल’ म्हणजे उभ्या बाजूला हे क्रमांक आणि आडव्या बाजूला मात्रा. भातखंडे यांच्या कागदावरून हे सॉफ्टवेअर घडले असे नाही. दोन वेगळ्या काळांत, वेगळ्या गरजांतून जवळपास सारखीच चौकट तयार झाली. त्यामुळे क्रमिक पुस्तकातील पान वाचता आले, की पियानो रोलही वाचता येतो.

पहिला प्रयोग घरी कसा कराल?

एलएमएमएस, अॅपलच्या संगणकावर गॅरेजबँड किंवा ब्राउझर आणि मोबाइलवर चालणारे बँडलॅब, यांपैकी काहीही चालेल. तिन्ही मोफत आहेत. हेडफोन असला तर उत्तम, कारण संगणकाच्या लहान स्पीकरवर खर्जाचे आवाज नीट ऐकू येत नाहीत.

१. आधी आधारस्वर. एखादा लांबणारा आवाज निवडा आणि ५५, ६०, ६०, ४८ हे चार स्वर संथपणे एकामागून एक ठेवा. तानपुऱ्यातील मंद्र प, सा, सा आणि खर्ज यांचा हा क्रम आहे. तो सतत फिरत राहू द्या.

२. मग त्रिताल. तालासाठीच्या ‘स्टेप सीक्वेन्सर’मध्ये बहुधा १६ चौकोन असतात, ४-४ च्या गटांत. त्रितालाच्या मात्राही तेवढ्याच. एक हलका आवाज १६ ही चौकोनांत भरा. डग्ग्यासाठी एक घुमारा असलेला आवाज घ्या. तो १ ते ९ आणि १४ ते १६ या चौकोनांत भरा. १० ते १३ रिकामे ठेवा, कारण ठेक्यात तिथे डग्गा बंद असतो. ऐकताना हा रिकामा भागच सम जवळ आल्याची चाहूल देतो.

३. लय तपासा. इथे नवखे हमखास फसतात. सॉफ्टवेअर लय १२० दाखवत असेल, तर ती मिनिटाला १२० ठोक्यांची. पण सीक्वेन्सरचा एक चौकोन म्हणजे सहसा पाव ठोका. त्यामुळे १६ चौकोन २ सेकंदांत संपतात आणि त्रिताल पळत सुटतो. आकडा ४० वर आणा. मग आवर्तन ६ सेकंदांत पूर्ण होईल.

४. आता पाच स्वर. भूप रागात म आणि नी नाहीत. म्हणून फक्त ६०, ६२, ६४, ६७, ६९ आणि ७२ वापरा. सरावासाठी १६ मात्रांची ही ओळ भरून पाहा :

सा रे ग – | प ग रे – | ग प ध प | ग रे सा –

आडव्या रेघेच्या जागी नवा स्वर टाकायचा नाही, आधीचाच स्वर ओढून लांब करायचा. ही ओळ चालली की तिच्यात एकेक स्वर बदलून स्वतःची ओळ तयार करा.

५. शेवटी जोर बदला. प्रत्येक स्वराचा जोर सारखा असेल तर ते गाणे दारावरच्या घंटीसारखे वाटते. समेवरचा स्वर थोडा ठळक, मधले थोडे हलके ठेवा.

एवढ्या साहित्यावर तासाभरात कानाला बरी वाटेल अशी धून तयार होते. पण पाचही पायऱ्या नीट केल्या तरी तो भूप होईल का? हाच वाद भातखंडे यांच्या आयुष्यातही होता.

श्रुतींचा वाद काय होता?

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ती भरवण्यात भातखंडे यांचा मोठा वाटा होता. गवई, पंडित, संस्थानिक, अभ्यासक एकत्र आले. चर्चेतला एक मोठा विषय होता श्रुतींचा. सप्तकात १२ स्वर मानायचे की २२ श्रुती?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींची गणिते मांडली होती आणि त्यांसाठी खास हार्मोनियमही तयार करवून घेतली होती. भातखंडे यांना हे मान्य नव्हते. प्राचीन ग्रंथांतील श्रुती आजच्या गाण्यावर लादता येत नाहीत, व्यवहारासाठी १२ स्वरांचा पाया पुरेसा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

शिकवण्याच्या सोयीने पाहिले तर त्यांचे बरोबर होते. बारा घरे कोणालाही समजतात. पण कान वेगळे सांगतो. संगणक सप्तकाचे १२ सारखे भाग करतो, प्रत्येकी १०० सेंटचा. त्यामुळे शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या नादात ऐकू येणारा नैसर्गिक गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक लहान वाटतो, पण आधारस्वर चालू असताना लांबवलेला ग जरासा टोचतो तो यामुळेच. सॉफ्टवेअरमधील ‘पिच बेंड’ किंवा ‘ट्यूनिंग’ची सोय वापरून तो खाली आणता येतो. वाद्य नसलेल्याच्या हाती आज देवल यांचे १४ सेंट आणि भातखंडे यांची १२ घरे, दोन्ही आहेत.

चौकट कुठे कमी पडते?

भूप आणि देशकार ही दोन नावे लक्षात ठेवा. दोन्हींत स्वर तेच पाच. पियानो रोलवर भरलेली घरे तीच. तरीही राग वेगळे. भूपात ग ला महत्त्व, चाल खालच्या अंगाने. देशकारात ध वर मुक्काम, वावर वरच्या अंगाने. भातखंडे यांनी तर हे दोन राग दोन वेगळ्या थाटांत ठेवले. भूप कल्याणात, देशकार बिलावलमध्ये. भूपात म नसताना तो कल्याणात का, असा आक्षेप अभ्यासक घेतात. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत, ही टीकाही जुनीच आहे. मुस्लीम उस्तादांच्या परंपरेकडे त्यांनी पुरेशा आदराने पाहिले नाही, असेही काही इतिहासकार म्हणतात. ज्यांच्या गळ्यातून हा साठा आला, त्यांचे ऋण किती मानले गेले, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आजच्या नवख्यालाही लागू आहे. सॉफ्टवेअरबरोबर येणारे तयार तुकडे, म्हणजे ‘लूप’, कोणीतरी वाजवलेले असतात. ते कोणत्या अटींवर वापरता येतात, हे पाहूनच आपली धून लोकांसमोर ठेवावी.

शेवटची वर्षे कशी गेली?

बडोद्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनऊ येथेही परिषदा झाल्या. पण परिषदा संपल्या की लोक घरी जातात, शाळा मात्र टिकते, हे भातखंडे यांनी ओळखले होते. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज उभे राहिले. त्यासाठी राय उमानाथ बली यांनी मोठी खटपट केली. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे तिथले प्राचार्य झाले. हेच कॉलेज आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. या शाळांमुळे वर्गात बसून, फळ्यावर लिहून, परीक्षा देऊन राग शिकण्याची वाट खुली झाली. घराण्यात जन्म घेण्याची अट उरली नाही.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. क्रमिक पुस्तक मालिकेचे शेवटचे भाग प्रसिद्ध झालेले पाहायला ते उरले नाहीत. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मग नवख्याने यातून काय घ्यावे?

भातखंडे यांच्या पुस्तकातून आजवर असंख्य जणांनी राग शिकायला सुरुवात केली. केवळ पुस्तक वाचून कोणी गवई झाले नाही. लिपीने दार उघडते, घरात मात्र कानानेच शिरावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. चौकोन भरल्याने सूर आणि ताल जुळतात, पण ग वर किती थांबायचे आणि ध ला कधी स्पर्श करायचा, हे ऐकूनच कळते.

म्हणून एक साधा नेम ठेवता येईल. आधी भूपातील एखादी बंदिश चांगल्या गायकाकडून दहा वेळा ऐका. मग तिची एक ओळ भातखंडे लिपीत कागदावर उतरवा. ती चुकेल, खोडा, पुन्हा लिहा. नंतर ती ओळ संगणकाच्या चौकोनांत भरा आणि मूळ गाण्याशी ताडून पाहा. जिथे फरक ऐकू येईल, तिथून तुमचे शिक्षण सुरू होते. उस्तादांसमोर वही उघडून बसलेला तो वकीलही हेच करत होता. जामखेड असो वा अकोले, आज त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.